तीन खराटे उंच पूल

मिरवणूक कुठलीही असो, पुढे पुढारी असतो आणि मागे खराटा. या शहरात वर्षातून एकदा समलिंगी माणसांची मिरवणूक निघते, तिथेही तेच. सकाळी एक नेता येतो, गळ्यात सात रंगांचा पट्टा घालून फोटो काढून घेतो, ‘तुम्ही आमचेच’ म्हणतो आणि ट्रक हलायच्या आत गाडीत बसून पसार होतो. बँका फुगे वाटतात. गॅलऱ्यांतून लोक टाळ्या वाजवतात. त्यातल्या निम्म्यांनी गेल्याच महिन्यात दोन पुरुषांना खोली भाड्याने द्यायला नाही म्हटलेलं असतं. आणि सगळ्यांच्या मागून फुगे, चमकी, कागदाचे कपटे आणि एखादी तुटलेली टाच झाडत सफाई खात्याची टोळी येते.

त्या टोळीची मुकादम एक बाई होती. वय पन्नास, खांदे हमालासारखे, आणि आवाज असा की दोन चौक पलीकडचा झाडूवालाही हातातला चहा टाकून कामाला लागे. तिचा बाप याच डेपोत पाण्याची गाडी चालवून निवृत्त झाला होता आणि अजूनही रोज सकाळी येऊन वॉचमनच्या बाकावर बसायचा, कारण घरी त्याचं कुणी ऐकत नव्हतं. डेपोतही ऐकत नव्हते, पण इथे निदान गाड्या होत्या.

मुकादम अकरा वर्षं एका रंगारणीबरोबर राहत होती. एक खोली, एक पलंग, एक साबण. डेपोत सांगायची, भाडेकरीण आहे. अकरा वर्षांत भाडं कधी वाढलं नाही, भाडेकरीण कधी बदलली नाही, आणि मुकादमच्या कॉलरला दर आठवड्याला वेगळ्या रंगाचा डाग असायचा. कुणी काही विचारलं नाही. न विचारण्यातच सगळ्यांची सोय होती.

रंगारीण घरं रंगवायची. बुटकी, बडबडी, शिडीवर चढली की शीळ घालणारी. दरवर्षी ती मिरवणुकीत पुढे नाचायची, आणि तिची माणूस शंभर पावलं मागे रस्ता झाडत यायची. पहिली काही वर्षं तिला याची गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली.

निमित्त झालं डब्याचं. मुकादम एकदा डबा घरी विसरली म्हणून रंगारीण तो घेऊन डेपोवर गेली. डेपोचा नियम आहे की बाहेरच्या माणसाने आत यायचं तर ऑफिसची चिठ्ठी हवी. कामगारांच्या घरच्यांना चिठ्ठी लागत नाही, वहीत नाव आणि नातं लिहिलं की झालं. वॉचमनने वही उघडली, पेन जिभेला लावलं आणि आतल्या मुकादमला ओरडून विचारलं, ही कोण तुमची. मुकादम म्हणाली, भाडेकरीण. वॉचमनने वही मिटली. भाडेकरीण हे नातं त्याच्या वहीत बसत नव्हतं. रंगारीण पाऊण तास उन्हात उभी राहिली, चिठ्ठी काही आली नाही, शेवटी डबा वॉचमनच्या हातात देऊन ती निघून गेली. त्या दिवशी मुकादमने गार भात बराच वेळ चिवडला. पण तिने खाल्ला.

त्यानंतर महिन्याभरात रंगारणीला दूरच्या बंदरातून पत्र आलं. जहाजं रंगवायचं पक्कं काम, राहायला खोली. मिरवणुकीनंतरच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ती भांडली नाही, हेच वाईट. फक्त म्हणाली, “मी जाऊ नये असं मला वाटायला लाव. मिरवणुकीत एकदा माझ्या शेजारी चाल. मागे नाही, शेजारी.”

मुकादम हो म्हणाली. आणि मग तिने जे केलं त्याला साध्या भाषेत भित्रेपणा म्हणतात.

मिरवणूक दरवर्षी मोठ्या रस्त्याने, डेपोच्या पुढच्या फाटकासमोरून बागेकडे जायची. रस्त्यांचा कागद आयोजकांबरोबर मुकादमच बनवायची, कारण कुठलं गटार तुंबलंय आणि कुठला दगड हलतोय हे शहरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. या वर्षी तिने ठोकून दिलं की मोठ्या रस्त्यावर गटाराचं काम निघायचंय, तेव्हा छापखान्यांच्या गल्लीतून जाऊ या. ती गल्ली डेपोच्या मागच्या बाजूने जाते. तिथे डेपोचं मागचं हिरवं फाटक आहे, पण ते रविवारी बंद असतं. पुढे रेल्वेचा कमानी पूल आणि पुलापलीकडे बाग. पुलापलीकडे तिला कुणी ओळखत नव्हतं. तिथे पोचल्यावर ती खराटा कुणाच्या तरी हातात देऊन, पुढे जाऊन, शेवटची दोनशे पावलं रंगारणीच्या शेजारी चालणार होती. वचनही पाळलं जाईल आणि कुणाला कळणारही नाही.

आयोजकांच्या मुख्याला शंका आली होती की पुलाखालून ट्रक जाईल का. हा मुख्य म्हणजे दातांचा डॉक्टर. एरवी पांढरा कोट घालून लोकांना तोंड उघडा म्हणणारा शांत माणूस, पण वर्षातून एक दिवस सोनेरी झगा, वीतभर टाचा आणि डोक्यावर मुकुट घालून तो राणीसाहेब व्हायचा. या वर्षी राणीसाहेबांनी ट्रकवर एक प्रचंड दाढ उभी केली होती. लोखंडी सांगाडा, वर कागदाचा लगदा, त्यावर रंगारणीने चढवलेले सात रंग आणि सगळ्यांत वर मुकुट. दाढच का, असं विचारलं तर म्हणायचे, किडलेलं लपवून ठेवलं की ठणकतं.

मुकादमने सांगितलं, पूल तीन खराटे उंच आहे. डेपोतली माणसं सगळं खराट्याने मोजतात. खड्डा किती, तर अर्धा खराटा. ओटा किती, तर दीड. टेप लागतो ऑफिसातल्यांना. मग तिने ट्रकला खराटा लावून दाढ मोजली. पावणेतीन भरली. पाव खराटा मोकळा. राणीसाहेब खूश झाले.

रविवारी ऊन स्वच्छ होतं आणि दीड-दोन हजार माणसं रस्त्यावर उतरली होती. ट्रकवर दाढ, दाढेच्या दोन्ही बाजूंना वाजवणारे आठ जण, त्यातला मोठ्या ढोलवाला दर चार ठोक्यांनी दाढेवर एक ठोका मारायचा. मागे पंख लावलेले दाढीवाले, हातात हात घातलेल्या सत्तरीच्या दोन बाया, बाळाला खांद्यावर घेतलेले दोघे बाप, आणि ‘माझा मुलगा असा आहे, तुमचं काय जातं’ असा फलक धरलेली एक जाडजूड आई. तिला पाहिलं की बघे आपोआप मागे सरकत. रंगारणीने आपल्या कामाच्या पांढऱ्या कपड्यांवर उरलेसुरले सगळे रंग शिंपडून घेतले होते. ती दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची. मुकादम खराटा वर करून दाखवायची, येते येते.

पोलिसांची पद्धत अशी होती: शेवटचं पाऊल पुढे गेलं, मागे झाडून झालं, की मुकादमने खराटा उभा धरायचा, तो दिसला की बंदोबस्ताच्या इन्स्पेक्टरबाई मागचा रस्ता गाड्यांना मोकळा करणार. मिरवणूक गल्लीत वळली, मुकादमने खराटा उभा धरला आणि मागच्या बाजाराच्या रस्त्यावर बसगाड्या, टेम्पो, रिक्षा असं सगळं पाण्याच्या लोंढ्यासारखं घुसलं.

तेवढ्यात पुढून आवाज आला. दाढ दुखल्यावर माणूस करतो तसाच, पण लोखंडी.

वाजवणारे थांबले. ढोलवाल्याने सवयीने एक ठोका मारला आणि दाढेचा एक कोपरा त्याच्या ढोलावर पडला. पुढून मागे बातमी सरकत आली आणि सरकता सरकता वाढली: दाढ अडकली, ट्रक अडकला, पूल पडतोय, राणीसाहेब बेशुद्ध. राणीसाहेब शुद्धीवर होते. ते पुलाखाली उभे राहून, कमरेवर हात ठेवून वर बघत होते. वीस वर्षं दाढा काढल्या, म्हणाले, ही पहिलीच मोजूनमापून अडकलीय.

मुकादम गर्दीतून वाट काढत पोचली. तिने पुलाला खराटा लावला. एक, दोन, आणि तिसरा लागायच्या आत वर दगड. अडीच आणि थोडं. तिने हातातल्या खराट्याकडे पाहिलं. या वर्षी खात्याने नवे खराटे दिले होते. दांडा एका वितीने लांब. पूल तीन खराटे, हे बापाने शिकवलेलं जुन्या खराट्याचं माप. दाढ मोजली ती नव्या खराट्याने.

रंगारीण शेजारी येऊन उभी होती. तिने आधी खराटा पाहिला, मग मुकादमचं तोंड. मग विचारलं की मोठ्या रस्त्यावर गटाराचं काम कुठे निघालंय, कारण ती कालच तिथून आली आणि रस्ता आरशासारखा होता.

मुकादम खराट्याचा दांडा पुसायला लागली.

“म्हणजे डेपो चुकवायला,” रंगारीण म्हणाली. “माझ्याबरोबर दोनशे पावलं, तीही पुलापलीकडे, अंधारात हात धरल्यासारखी.” तिने कपाळावरचा घाम पुसला, तर हिरवा पट्टा उमटला. एवढी रागावलेली असून ती पोपटासारखी दिसत होती, आणि मुकादमला भीती वाटत असतानाही हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी भीती वाटली.

ट्रक मागे घ्यायला दहा मिनिटं गेली. राणीसाहेब टाचांवर उलटे चालत ड्रायव्हरला ‘उघडा, अजून उघडा, आता चूळ भरा’ असं सांगत होते. दाढ सुटली. पण गल्ली अशी चिंचोळी की ट्रक वळेना, तेव्हा ठरलं की ट्रक उलटाच येईल, वळायचं मिरवणुकीनेच. सगळ्यांनी जागच्या जागी पाठ फिरवायची. दोन हजार माणसं हसत, एकमेकांच्या पंखांत अडकत, गर्रकन फिरली. आणि पाठ फिरताच जी टोळी सगळ्यांत मागे होती ती सगळ्यांत पुढे झाली. सात झाडूवाले, एक कचऱ्याची ढकलगाडी आणि पिवळा दिवा लावलेली झाडायची मोटार. पंखवाल्या दाढीवाल्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी मोटारीला हार घातला. टोळीतला सगळ्यांत खडूस झाडूवाला, जो बायकोलाही हसून दाखवत नसे, त्याच्या डोक्यावर कुणीतरी चमचमती टोपी ठेवली. त्याने ती काढली, उलटसुलट करून पाहिली, आणि परत घातली.

पण गल्लीच्या तोंडाशी इन्स्पेक्टरबाई उभ्या होत्या. मागचा रस्ता आता गाड्यांनी भरलाय, त्या म्हणाल्या, परत बंद करायचा तर संध्याकाळ होईल. मोठा रस्ता त्या पाच मिनिटांत थांबवू शकत होत्या, पण तिथे पोचायला वाट कुठाय? वाट नसेल तर इथूनच सगळ्यांनी पांगा, दोघं-चौघं करून घरी जा, मिरवणूक संपली.

मिरवणूक संपली, हे ऐकून पंखवाल्यांचे पंखही खाली आले. जाडजूड आईने फलक खाली केला. दोन्ही बाजूंना छापखान्यांच्या उंच भिंती होत्या. सगळे भिंतींकडे बघत होते. एकटी मुकादम हिरव्या फाटकाकडे बघत होती.

फाटकाची किल्ली तिच्या कमरेला होती. या फाटकातून डंपर जातात, दाढ का नाही जाणार. आत डेपोचं पटांगण, पटांगणापलीकडे पुढचं फाटक, त्यापलीकडे मोठा रस्ता. आणि पटांगणात या वेळी, रविवारची दुपारची पाळी धरून, चाळीस माणसं डबे उघडून बसलेली. ज्यांच्यावर ती वीस वर्षं ओरडत आली ती सगळी. शिवाय बाकावर बाप.

गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मिरवणूक पांगली असती, चूक खराट्याची ठरली असती, संध्याकाळी ती घरी गेली असती. घर असतं. साबणही असता. सोमवारनंतर मात्र तो एकटीने संपवायचा होता.

तिने किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, त्याला लाथ घातली, तेव्हा उघडलं.

मागच्या फाटकाला आवाज आला म्हणून वॉचमन वही घेऊन धावत आला. आधी त्याला मुकादम दिसली, मग पिवळा दिवा, मग हार, मग पंख, आणि पार मागे, भिंतींच्या वर डोकं काढून, एक मुकुटवाली दाढ. त्याचं तोंड उघडं राहिलं. पण माणूस नियमाचा पक्का. त्याने दोन्ही हात आडवे केले आणि विचारलं की चिठ्ठी कुठाय. ऑफिस तर आज बंद. बाहेरच्या माणसाला चिठ्ठीशिवाय आत सोडलं तर त्याची नोकरी जाईल. फक्त घरच्यांना.

चाळीस डबे अर्ध्यावर थांबले होते. म्हातारा बाकावरून उठून काठी टेकत येत होता.

वॉचमनने वही उघडली, पेन जिभेला लावलं आणि रंगारणीकडे बोट केलं. “ही कोण तुमची?”

मुकादमचा आवाज दोन चौक ऐकू जायचा. तिला हळू बोलताच यायचं नाही.

“बायको,” ती म्हणाली. “लिही. अकरा वर्षं झाली.”

वॉचमनने तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. नात्याच्या रकान्यात त्याने ‘बायको’ लिहिलं, कारण हे नातं त्याच्या वहीत बसत होतं. मग पेनाने मागच्या दोन हजारांकडे इशारा केला. “आणि हे?”

“सासरचे.”

गल्लीत जे हसू फुटलं त्याने छापखान्यांच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. जाडजूड आई पुढे आली आणि वॉचमनला म्हणाली, मी थोरली नणंद, लिहून घ्या. राणीसाहेब मागून ओरडले की ते धाकटी जाऊ आहेत, आणि ट्रक आपल्याबरोबर आहे. दोन बाप म्हणाले आम्ही दीर, हा पुतण्या. वॉचमन बिचारा मान खाली घालून लिहीत होता. दहाबारा नावांनंतर त्याने हात टेकले आणि खाली एकच ओळ घातली: सासरची मंडळी, अंदाजे दोन हजार, एक दाढ. आणि वेळ टाकली.

सगळेच हसले नाहीत. एका ड्रायव्हरने डबा आपटून बंद केला, थुंकला आणि गाड्यांच्या मागे निघून गेला. त्याच्यापाठोपाठ आणखी दोघे. हेच तिघे मुकादमच्या बढतीला पेढ्यांवर आडवा हात मारून गेले होते. बाकीचे बसून राहिले, तोंडात घास तसाच. मग अगदी कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “बाई, भाडेकरीण भाडेकरीण म्हणून किती वर्षं आम्हाला वेड्यात काढलंत. कॉलरवर रंग काय पालिकेने लावला?” आणि सगळं पटांगण मोकळं झालं.

म्हातारा तोवर पोचला होता. मुकादम त्याच्यासमोर उभी राहिली, पोरीसारखी. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो दाढेच्या तुटलेल्या कोपऱ्याकडे बघत होता.

“पुलाला लागली?”

“हो, बाबा.”

“कशाने मोजलीस?”

तिने खराटा पुढे केला. म्हाताऱ्याने तो हातात घेतला, दांड्यावर वीत ठेवून पाहिली आणि त्याचा पारा चढला. तीन खराटे म्हणजे जुने खराटे. हे नवं लांबडं काय मोजायला असतं? तीस वर्षं तो त्या पुलाखालून गाडी काढत होता, एकदा तरी टवका उडाला का? बरंच बोलून झाल्यावर तो रंगारणीकडे वळला. तिच्या कपाळावरचा हिरवा पट्टा त्याने निरखून पाहिला.

“एवढं मोठं सासर,” तो मुलीला म्हणाला, “आणि अकरा वर्षांत बापाला एकदा चहाला नाही नेलंस.”

“तुम्ही आला नसतात.”

“नसतो आलो,” म्हातारा म्हणाला. “पण बोलवायचं तरी होतंस. नाही म्हणायचा मान मिळाला असता.”

रंगारीण म्हणाली की बुधवारी या, नाही म्हणायला या हवं तर. म्हाताऱ्याने काठी उचलली. तो पाण्याच्या गाडीपाशी गेला, नव्या ड्रायव्हरला काठीने खाली उतरवलं, वर चढला आणि म्हणाला की एवढी धूळ उडवणार आहेत ही माणसं, पुढे पाणी कोण मारणार.

अशी ती मिरवणूक पुढच्या फाटकातून मोठ्या रस्त्यावर आली. सगळ्यांत पुढे पाण्याची गाडी, तिच्यावर ऐंशीचा म्हातारा, जो वाटेत दिसेल त्याला भिजवत होता आणि फुगे वाटणाऱ्या बँकवाल्यांना जरा जास्तच. त्यामागे मुकादम आणि रंगारीण, शेजारी शेजारी. मागे दोन हजार सासरचे, त्यामागे दाढ. आणि दाढेच्या मागे कुणी नव्हतं, कारण टोळी पुढे होती. मुकादम सारखी मागे वळून बघत होती. रस्ता घाण होत होता आणि तिचा जीव खालीवर होत होता. मग तिला दिसलं की डेपोच्या फाटकातून, डबे पुसून ठेवून, पंचवीस-तीस माणसं खराटे घेऊन निघालीयत आणि दाढेच्या मागे रांगेत लागलीयत.

रंगारणीने हाताने रस्ता दाखवत विचारलं की मग हा आरसा कुठे खणलाय म्हणालीस. मुकादमने कान पकडले. रंगारीण म्हणाली, कान पकडून सुटका नाही, पुलाचं माप ती मरेपर्यंत ऐकवणार आहे. म्हणजे निदान चाळीस वर्षं.

मग तिने पांढऱ्या विजारीच्या खिशातून बंदराचं पत्र काढलं. फाडलं, परत फाडलं आणि हवेत उडवलं. कपटे ओल्या रस्त्यावर पडले.

मुकादम सवयीने वाकली. सव्वीस वर्षांत तिने डोळ्यांसमोर पडलेला कागद कधी ओलांडला नव्हता.

रंगारणीने तिचं मनगट धरून तिला सरळ उभं केलं. “राहू दे,” ती म्हणाली. “मागे खराटा आहे.”